पाचशे बैठका

माझी निम्मी वकिली व्हरांड्यात झाली. कॉलेजच्या चौकशी समितीपुढे वकिलाला आत बसू देत नाहीत. आत प्राचार्य, दोन-तीन प्राध्यापक आणि त्यांच्यासमोर उभं असलेलं वीस वर्षांचं पोर. बाहेर नोटीस बोर्डाखालच्या बाकावर त्या पोराचे आई-वडील आणि मी. दार लागलं की आमचं काम संपलेलं असे. जे करायचं ते आधी कागदावर.

रॅगिंगच्या आरोपातल्या मुलांचे खुलासे लिहिणं, हे माझं काम. मी ते मागून घेतलं नव्हतं. राजारामपुरीत माझ्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता, तिथल्या एका सरांचा भाचा सुरुवातीला अडकला, मी त्याला सोडवला आणि मग तोंडातोंडी नाव पसरलं. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, ‘तुम्ही असल्या पोरांना वाचवता?’ मी सांगत असे की बहुतेकांनी काहीतरी केलेलं असतंच. पण ‘नाव सांग, गाणं म्हण’ यापासून जिवावर बेतेपर्यंत सगळ्याला कायद्यात एकच शब्द आहे, आणि शिक्षेची यादी लांब आहे. वसतिगृहातून काढणं, परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, आणि शेवटी असं काढून टाकणं की दुसरं कॉलेजही दारात उभं करत नाही. कोणत्या पोराला यादीतली कोणती ओळ लागू व्हावी, एवढाच माझा वाद असे.

या कामात मी दोन गोष्टी सगळ्यांना पहिल्याच भेटीत सांगायचो. एक म्हणजे माफीनामा लिहून द्यायचा नाही. आपल्याकडे भांडण मिटवायची रीत आहे. रेक्टर पोराला केबिनमध्ये बोलावतो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘दोन ओळी लिहून दे, मिटवून टाकू.’ पोर लिहून देतं आणि सुटलो म्हणून जेवायला जातं. आठ दिवसांनी तोच कागद फाइलमध्ये सगळ्यात वर असतो, कबुलीजबाब म्हणून. दुसरी गोष्ट, तक्रार करणाऱ्याच्या घरी जायचं नाही. फोन नाही, फळं नाहीत, मध्यस्थ मामा नाही. गेलात तर दबाव आणला असं होतं. हा दुसरा नियम मी इतकी वर्षं सांगत आलो आणि त्याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ मुलाला दंडाला धरूनच घेऊन आले.

“साहेब, ह्ये रॅगिंग करतंय म्हंत्यात. घरात मांजराला भितंय ते.”

“पण तिघांनी नाव घेतलंय त्याचं.”

“घेतील की! नाव सोपं हाय त्येचं.”

मी मुलाला विचारलं, नक्की काय केलंस. तो मान खाली घालून म्हणाला, “गाणी म्हणायला लावली, सर. रांगेत उभं करून.”

वडील गर्रकन वळले. “गाणी? आन् तुला सोताला येतंय काय रं गाणं?”

त्या मुलाला महिनाभर वसतिगृहाबाहेर राहायची शिक्षा झाली. वडील खूश. म्हणाले, “बेस झालं. घरात ऱ्हाईल तर म्हशीची धार तरी काढंल.”

एका मुलीचं प्रकरण अजून समाधान देतं. ती मेसची प्रतिनिधी होती म्हणून तिचं नाव यादीत गेलं होतं. चार तक्रारदारांचे जबाब मी मागवून घेतले तर चारही एकाच हस्ताक्षरात. ते चार कागद शेजारी शेजारी लावून मी दीड पानाचा खुलासा लिहिला. त्यापेक्षा चांगला खुलासा मी पुन्हा लिहिला नाही. आज ती मुलगी स्वतः शिकवते.

लिहिलेला मजकूर मी घरी पत्नीला वाचून दाखवायचो. ती शाळेत मराठी शिकवायची. कायदा तिला ठाऊक नव्हता, पण एखादा शब्द नको तितका कठोर झाला की ती पेन्सिलीनं त्याखाली बारीक रेघ मारायची. बोलायची काही नाही. मी त्या रेघेवर वाद घालायचो आणि सकाळी शब्द बदलायचो. ती गेली त्या वर्षी मी घरी कागद आणणं बंद केलं. ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलो आहे ते त्याच वर्षीचं आहे.

ओंकार मुरगूडचा. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. वडील लहानपणीच वारलेले. मोठी बहीण सुनीता राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात कामाला होती, तिनं त्याला शिकवलं. दोघं माझ्याकडे आले तेव्हा कॉलेजनं त्याला काढून टाकलेलं होतं आणि परीक्षा दीड महिन्यावर होती. कुलगुरूंकडे अपील करायचं होतं. ते फेटाळलं गेलं असतं तर साडेतीन वर्षं पाण्यात, आणि पुढं कुठं प्रवेशही नाही.

घडलं ते असं. एका शनिवारी संध्याकाळी ओंकारनं पहिल्या वर्षाच्या तिघांना वसतिगृहाच्या गच्चीवर बोलावलं आणि बैठका मारायला लावल्या. कोल्हापुरात बैठका म्हणजे शिक्षा असं कुणाला वाटतही नाही. इथं तालमीत लहान पोरं शाळेआधी शंभर मारून येतात. दोघे साठ-सत्तरला बसले. सगळे हसले आणि त्यांना सोडलं. तिसरा सौरभ, जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील दत्तू पैलवान त्या भागात नावाजलेले. ओंकारला ते कळलं होतं.

“मी म्हटलं, पैलवानाचं पोरगं हायस न्हवं, मग दाव की,” ओंकारनं मला सांगितलं. “त्यो थांबंचना, सर. मी मोजत गेलो. तीनशेला म्हटलं बास. तर म्हणाला, मोज. पाचशे मारल्या. आमी टाळ्या वाजवल्या. मग मी त्याला खाली नेऊन दूध कोल्ड्रिंक पाजलं. त्यो बी हसत हुता.”

सौरभला तालमीची सवय नव्हती. वडिलांनी त्याला अभ्यासाला लावलं होतं. सकाळी त्याला उठता येईना. कसाबसा एसटीनं घरी गेला. पुढचं मला हॉस्पिटलच्या केसपेपरमधून कळलं. तो कॉलेजनं आदेशासोबत जोडला होता. सोमवारी वडिलांनी त्याला पुन्हा बैठका मारायला लावल्या होत्या, मग तेल चोळलं होतं. मंगळवारी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, ती उष्णता समजून सब्जाचं पाणी दिलं. बुधवारी तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा हॉस्पिटल गाठलं. अतिश्रमानं स्नायू फुटले होते आणि त्यातला मळ मूत्रपिंडात अडकला होता. डायलिसिस करावं लागलं. यातलं काहीही दत्तू पैलवानांनी लपवलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

सुनीतानं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, “सर, सोमवारी दवाखान्यात नेला असता तर सलाइनवर भागलं असतं. पण हे आपण कसं म्हणायचं?”

ओंकार म्हणाला, “सर, आमी एकदा त्यांच्या घरला जाऊन येऊ? मी पाय धरतो त्यांचं.”

“अजिबात जायचं नाही,” मी म्हणालो. “आणि काही लिहूनही द्यायचं नाही. एकदा लिहून दिलंस, त्याचं काय झालं बघतोयस ना?” माफीनामा त्यानं आधीच दिलेला होता, अर्थात रेक्टरच्या केबिनमध्ये.

खुलासा लिहायला मला चार दिवस लागले. नोटीस न देता चौकशी झाली, बाकीच्या दोघांचे जबाब घेतले नाहीत, माफीनामा कसा घेतला, हे सगळं तेरा परिच्छेदांत बसलं. तेवढ्यावर अपील टिकलं असतं का? मला तेव्हा वाटलं की टिकणार नाही. एक मुलगा डायलिसिसवर आहे हे वाचल्यावर नोटिशीची तांत्रिक बाब कोण बघणार? म्हणून चौदावा परिच्छेद लिहिला. ‘सदर विद्यार्थ्याची प्रकृती गंभीर होण्यास त्याच्या वडिलांनी सोमवारी पुन्हा करावयास लावलेला व्यायाम आणि उपचारास केलेला विलंब हे काही अंशी कारणीभूत आहेत.’ लिहून वाचलं. मग ‘काही अंशी’ वर काट मारली. अपिलात ‘काही अंशी’ म्हणणं म्हणजे उरलेला अंश स्वतः मान्य करणं.

माझा मजकूर हुसेनभाई टाइप करायचे. बावीस वर्षं माझ्याबरोबर होते. त्यांच्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं आणि कागद हाताळण्याची अदब त्यांच्या बोटांत होती. चौदाव्या परिच्छेदाशी ते थांबले.

“साहेब, हे दोन शब्द काढलेत तुम्ही. चुकून?”

“नाही. काढायचेत.”

“बाप हाय त्यो.”

“केसपेपरवर आहे, हुसेनभाई. त्यांनी स्वतः सांगितलंय.”

“डॉक्टरला सांगिटलंय,” ते म्हणाले आणि टाइप करू लागले.

कुलगुरूंनी नेमलेल्या अपील समितीच्या सुनावणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात बसलो. काळा कोट अशा ठिकाणी मी घालत नसे, समितीचे लोक कोट बघून बिथरतात. ओंकार आत होता. सुनीता खाली झाडाखाली थांबली होती, तिला वर बसवत नव्हतं. तेवढ्यात एक रुंद खांद्यांचे, साठीच्या आसपासचे गृहस्थ आले. कान मोडलेले, म्हणजे आयुष्य तालमीत गेलेलं. त्यांना पाहताच मी ओळखलं.

“पावणं, सरकता काय जरा?”

मी सरकलो. खरं म्हणजे उठून जायला हवं होतं. दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलायचं नाही, हा माझाच नियम.

“तुमचं पोरगं आत हाय व्हय?”

“नाही. कामासाठी आलोय.”

“मला बलिवलंय. सौरभचा बाप म्हणून.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बोलू लागले, अनोळखी माणसाशी बोलतात तसं, मोकळेपणानं. “त्या पोरानं बैठका घालाय लावल्या. चुकलं त्येचं. पर माझ्या पोरानं पाचशे मारल्या त्या माझ्यापायी. ल्हानपणापास्नं कानावर घातलंय न्हवं, मधी थांबायचं न्हाई. आन् सोमवारी मीच उभा ऱ्हाऊन दोनशे घालाय लावल्या. आमच्यात भरल्याली मांडी बैठकांनीच सोडवत्यात. पन्नास वर्सं तेच केलं बगा. एकाचं बी वंगाळ झालं न्हाई.”

मी विचारलं, “मग आत काय सांगणार तुम्ही?”

“हेच सांगणार की. म्हणणार, साहेब, त्या पोराचं वरीस बुडवू नगासा. बिनबापाचं हाय म्हंत्यात. दोन पोरं कशाला वाया घालवायची? एक हाय तेवढं बास.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “नीट बोलाय येतंय का न्हाई कुणाला दक्कल. घरात चारदा म्हणून बगितलंय.”

मला तेव्हा उठून दाराशी जायला हवं होतं. शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवून परिच्छेद चौदा मागे घेतो म्हणायला हवं होतं. तसं करता येतं. मी ते मनात जुळवत होतो, शब्द शोधत होतो. माझा स्वभावच तसा, वाक्य पूर्ण झाल्याशिवाय हात हलत नाही. शिपायानं दार उघडून त्यांचं नाव घेतलं. त्यांनी पायताण बाहेर काढलं, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि आत गेले.

आत काय झालं ते ओंकारनं नंतर सांगितलं. अध्यक्षांनी त्यांना बसा म्हटलं. मग माझ्या खुलाशाचं पान उलटून चौदावा परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “हे बरोबर आहे का?” पैलवान म्हणाले, “व्हय.” “अजून काही सांगायचंय?” ते उभे राहिले. ओंकारच्या म्हणण्याप्रमाणे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “न्हाई.”

ते बाहेर आले आणि पायताण घालायला वाकले. त्यांच्यामागून ओंकार आला आणि सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, झालं.”

पैलवानांनी वाकल्या वाकल्या वर पाहिलं. “तुमी ह्येचं वकील व्हय?”

“हो.”

“त्यो कागद तुमीच लिवलासा?”

“हो.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. “खरंच हाय ते,” म्हणाले. “मी सांगणारच हुतो की. तुमी कशाला घाई केलासा?”

ओंकार त्यांच्या पाया पडला. मी त्याला ज्यापासून महिनाभर अडवलं होतं तेच त्यानं केलं. पैलवानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, “अभ्यास कर,” म्हणाले आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेले.

अपील मंजूर झालं. वसतिगृहातून कायमचं काढलं, तेवढी शिक्षा राहिली. ओंकार परीक्षेला बसला, पास झाला, आता पुण्यात नोकरीला आहे. दर दिवाळीला फोन करतो. निकालपत्रात माझा चौदावा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घेतला आहे आणि अपील मुख्यतः त्यावर मंजूर झालं आहे. म्हणजे वकील म्हणून माझा अंदाज बरोबर होता. पैलवान जे बोलायला आले होते ते बोलले असते तर अपील त्यावरही मंजूर झालं असतं असं मला वाटतं, पण ते आता तपासून बघता येत नाही. सुनीता आणि ओंकारला त्यांच्या घरी जाऊ दिलं असतं, तर हे आधीच कळलं असतं. ओंकारनं विचारलंही होतं.

त्यानंतर विद्यार्थ्यांची कामं मी हळूहळू बंद केली. लोकांना वाटलं, वय झालं. मी कुणाला काही सांगितलं नाही. जुने खुलासे काढून वाचत बसायचो. कुठे कुठे पेन्सिलीच्या रेघा दिसायच्या. त्या चौदा परिच्छेदांवर एकही नाही.

यंदा पावसाळ्यात हुसेनभाईंचा फोन आला. त्यांची सासुरवाडी जयसिंगपूरची. “साहेब, ते पैलवान गेले. झोपेतच.” मग म्हणाले, “तुम्ही जाणार काय?”

त्यांचे दिवस झाल्यावर मी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही, पैलवानाचं घर कोणीही दाखवतं. सौरभनं दार उघडलं. बारीक झालेला, चेहऱ्यावर औषधांचा फिकेपणा. इंजिनिअरिंग सुटलं, आता जयसिंगपुरात एका बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर बसतो. मी कोण ते सांगितलं. तो बाजूला झाला, आत या म्हणाला.

त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी पुन्हा सांगितलं, “मी त्या प्रकरणातला वकील.”

“आमचं?”

“नाही. त्या मुलाचा.”

तिनं मला नीट पाहून घेतलं. बाहेर घालवेल असं वाटलं. पण तिला दुसरंच विचारायचं होतं. “म्हंजे त्या दिशी तुमी तिथं हुतासा?”

“होतो.”

“ह्येनी आत काय सांगिटलं वो? घरात कवाच बोललं न्हाईत. तालमीत जायाचं बी सोडलं. पोरं बलवाय यायची, वस्ताद चला म्हणायची, तर ह्ये मागच्या दारानं उठून जायचं. मी इचारलं, काय बोललासा एवढं? तर म्हणायचं, काय न्हाई, काय न्हाई. मला वाटायचं, त्या पोराला शिव्याशाप दिऊन आलं आन् मग जीव खात बसलं.”

“नाही,” मी म्हणालो. “शिव्या कसल्या देतात? ते म्हणाले, त्या पोराचं वर्ष बुडवू नका. दोन पोरं कशाला वाया घालवायची.”

“असं म्हणालं? साहेबास्नी?”

“हो.”

“समद्यांच्या म्होरं?”

“हो. सगळ्यांसमोर.”

तिनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच विचारलं, “मग ऐकलं त्येंचं?”

“ऐकलं. त्यांच्या शब्दावरच तो मुलगा सुटला. पास झाला. चांगल्या नोकरीला आहे.”

“बग,” ती सौरभला म्हणाली, “आन् आमाला कदी सांगिटलं न्हाई. असलं मुलखावेगळं माणूस.” आणि इतक्या वेळात पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली.

सौरभ दारात चहाचे कप घेऊन उभा होता. निकालाची एक प्रत तक्रारदार म्हणून त्याच्या नावानं पोस्टानं आली होती. पाच पानं, त्यात कुणाचं काय म्हणणं ते सगळं, वडिलांचं एका शब्दाचं ‘होय’सुद्धा. तो शिकलेला मुलगा, त्यानं ती वाचली नसणं शक्य नव्हतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण किती वेळ टाळणार? तो माझ्याकडेच बघत होता. मग तो आईशेजारी टेकला, पाय जपून, एका हातानं जमिनीचा आधार घेत, आणि कप माझ्यापुढं सरकवला.

“घ्या, साहेब,” म्हणाला. “गार हुतोय.”